कोपीवर चढलेलं लुगडं

आळंदच्या पेठेत गुरप्पांच्या कापडदुकानात गादी एकच होती आणि तिच्यावर गुरप्पा बसत. त्यांचा मुलगा अण्णाराव खाली जाजमावर बसे, ठाण उलगडी, गजाने मोजी, गिऱ्हाईक उठून गेले की पुन्हा घडी घाली. सोलापुरात मामाच्या दुकानी दोन वर्षे उमेदवारी करून आलेल्या माणसाला हे काम हलके वाटत होते. सोलापुरात त्याने सणाच्या दिवसांत व्यापारी काय काय करतात ते डोळे भरून पाहिले होते. दुकानापुढे कमानी उभारतात, बँड लावतात, रंगीत इश्तिहार वाटतात, आणि गिऱ्हाइकाला घरी बसल्या बसल्या आपल्याला काहीतरी हवे आहे असे वाटायला लावतात. आळंदात मात्र सण आला की गुरप्पा ठाणांवरची धूळ झटकत आणि नव्या उदबत्तीचा पुडा फोडत. त्यांची जाहिरात तिथेच संपे.

अण्णारावाची खरी अडचण वेगळीच होती. दिवाळीच्या आधी सोलापूरहून माल भरायला त्याला प्रथमच एकट्याला पाठवले होते, आणि तो एकाच रंगाच्या लुगड्यांचा मोठा गठ्ठा घेऊन आला होता. सोलापूरच्या व्यापाऱ्याने त्याला सांगितले होते की हा रंग पुण्यामुंबईकडे बायका भांडून घेतात. उन्हात तो निळा दिसे, सावलीत जांभळा, आणि काठ पोपटी. वागदरीच्या नाक्यावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, कारकून प्रत्येक गठ्ठ्याशी हुज्जत घालत असे. हा गठ्ठा उघडल्यावर त्याने एकदा मालाकडे, एकदा अण्णारावाकडे पाहिले आणि हाताने जायची खूण केली. अपशकुन तिथेच झाला होता. दिवाळीत बायका दुकानात आल्या, लुगडे हातात घेतले, आणि राजूबाई नावाच्या एका शेतकरणीने सगळ्यांच्या वतीने निकाल दिला, की वांगी उकडल्यावर पाण्याला जो रंग येतो तो हा. त्यानंतर त्या गठ्ठ्याला कोणी हात लावला नाही.

गुरप्पा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त एवढेच सांगितले की संक्रांतीपर्यंत हा माल दुकानातून गेला तर अण्णारावाने गादीवर त्यांच्या शेजारी बसावे, आणि नाही गेला तर चिंचोळीला काकांच्या तेलघाण्यावर करडई तोलायला जावे. गुरप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. चिंचोळीचा तो घाणा, तो तेलकट अंधार आणि ते बहिरे काका अण्णारावाच्या स्वप्नात येऊ लागले.

मग त्याने सोलापूरची विद्या बाहेर काढली. आळंदात वाचणारे थोडे, आणि जे वाचत ते कचेरीची भाषा म्हणून उर्दू वाचत. तेव्हा छापील इश्तिहाराचा उपयोग नाही हे त्याच्या ध्यानात आले. म्हणून त्याने बंडेप्पाला गाठले. बंडेप्पा गावचा हलगीवाला. त्याचा आवाज वेशीबाहेर ऐकू जाई. अण्णारावाने त्याला मजकूर पाठ करून दिला आणि पेठेतून फिरवले. पण बंडेप्पाने आयुष्यभर कचेरीची दवंडी दिली होती; हाताला तोच ठेका आणि गळ्याला तोच सूर. हलगी वाजताच लोकांनी ओळखले की सरकारचा वसुलीचा काहीतरी नवा हुकूम आला. पुढचे कोणी ऐकलेच नाही. दाणे आत गेले, म्हशी मागच्या दाराने पांदीला लागल्या, आणि भर बाजाराच्या दिवशी निम्म्या पेठेची दारे बंद झाली. त्यांत गुरप्पांच्या गिऱ्हाइकांचीही होती.

समोरच्या दुकानात श्रीपतराव पान चघळत हा तमाशा पाहत होते. श्रीपतराव गुरप्पांचे चाळीस वर्षांचे शेजारी आणि तितक्याच वर्षांचे प्रतिस्पर्धी. त्यांनी तिथूनच गुरप्पांना विचारले, "गुरप्पा, लुगडी इकायलाव का लिलाव पुकारायलाव?" गुरप्पांनी अण्णारावाकडे पाहून चिंचोळीच्या वाटेची चौकशी केली. नदीला पाणी किती आहे, गाडी उतरेल की नाही, वगैरे.

वेळ अमावस्या जवळ आली तेव्हा अण्णारावाला ती गोष्ट सुचली. त्या भागात मार्गशीर्षातल्या या अवसेला गावात माणूस राहत नाही. सगळी घरे डोक्यावर आंबिलीचे मडके आणि शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचे भांडे घेऊन शेतात जातात. ज्वारीच्या कडब्याची कोप उभी करतात, आत चुन्याने रंगवलेले दगडांचे पांडव आणि लक्ष्मी मांडतात, कोपीवर शाल नाही तर एखादे धुतले वस्त्र पांघरतात, पूजा करतात आणि दिवसभर जेवतात. पेठ ओस पडते; मारवाडीसुद्धा कुलूप लावतो. आतापर्यंत सगळ्या व्यापाऱ्यांनी हा दिवस बुडीत धरला होता. अण्णारावाने उलट विचार केला. गिऱ्हाईक जर शेतात असेल, तर दुकानाने शेतात का जाऊ नये? बायका सगळ्या एका जागी, घरधनी पोटभर जेवून खुशीत, आणि समोर संक्रांत. सोलापुरातल्या एकाही दुकानदाराला हे सुचले नसते.

त्याने खिलारी बैलांच्या शिंगांना गोंडे बांधले, गाडीवर वेळू उभे केले आणि त्यांवर ती लुगडी निशाणांसारखी फडकावली. निम्मा गठ्ठा गाडीत घातला. बंडेप्पाला बजावले की सरकारी ठेका वाजवलास तर हलगी फोडीन, वरातीचा वाजव. बायको रत्नम्मा दारात उभी राहून हे सगळे पाहत होती. ती औरादकडची, शेतकऱ्याची लेक.

"आज शेतामंदी जायलाव, तर पोट रिकामं घेऊन जावा," ती म्हणाली.

"मी जेवायला न्हाई, धंद्याला जायलोय."

"त्ये तुमी ठरिवणार व्हय?" असे म्हणून ती आत गेली.

पहिले शेत राजूबाईचे लागले. वरातीचा ठेका ऐकून तिचा नवरा अंकुशराव बांधापर्यंत पळत आला. त्याला वाटले कुठल्यातरी देवाची गाडी आली. गाडी गुरप्पांच्या दुकानाची आहे हे कळल्यावर तर त्याला आणखीच भरून आले. अण्णारावाने घसा साफ केला. सोलापुरात पाठ केलेले वाक्य तो सुरू करणार, इतक्यात राजूबाई पुढे आली, वेळूवरचे एक लुगडे तिने दोन्ही हातांनी उतरवले, डोळ्यांना लावले, आणि कोपीपाशी जाऊन ते कोपीवर पांघरले. मग हळदीकुंकू वाहिले.

"गुरप्पा अण्णानं लक्ष्मीला लुगडं धाडलं," ती नवऱ्याला म्हणाली. "चाळीस वर्सं दुकान चाललं, आज बुद्धी झाली. म्हातारा वाटतो तसा न्हाई."

अण्णाराव तोंड उघडून उभा राहिला. लक्ष्मीच्या अंगावर चढलेले वस्त्र ओढून काढून त्याचा भाव सांगणे सोलापूरच्या माणसाला जमले असते की नाही कोण जाणे. आळंदच्या माणसाला जमणे शक्यच नव्हते. तो मिटल्या तोंडाने हात जोडून बसला. आणि बसला म्हणजे जेवणे आलेच. त्या दिवशी शेतात पाऊल टाकलेला माणूस, मग तो वाटसरू असो, जमादार असो की दावेदार असो, जेवल्यावाचून बाहेर पडत नाही. पडला तर पीक रुसते अशी समजूत आहे. भज्जी आली, बाजरीचे उंडे आले, तिळाची पोळी आली, खीर आली, आणि सगळ्यांवर ओंजळीत ओतलेली गार आंबील आली.

तिथून उठून गाडी बांधावर येते न येते तोच पलीकडच्या शेतातून हाक आली. राजूबाईच्या कोपीवरचे निळेजांभळे वस्त्र उन्हात लांबवर झळकत होते आणि ते कुठून आले हे हलगीने सांगितलेच होते. आपल्या लक्ष्मीला का नाही, असा प्रश्न कोणी तोंडाने विचारला नाही. लोक फक्त बांधावर येऊन उभे राहत, बायका डोक्यावर पदर घेऊन हात जोडत, आणि अण्णारावाला वेळूवरचे पुढचे लुगडे उतरवून द्यावेच लागे. दुसऱ्या शेतात त्याने एकदा धीर करून सांगायचा प्रयत्न केला की हा माल विक्रीचा आहे. त्या घरची म्हातारी हसली आणि म्हणाली, "व्हय रे बाळा, देव घेतो बी आन् देतो बी. आदी जेव."

दुपारपर्यंत बंडेप्पाचा हात वर उठेना. तो गाडीत आडवा झाला आणि पोटावर हलगी ठेवून बोटांनीच ठेका देऊ लागला. बैलांनाही प्रत्येक कोपीपाशी घास मिळत होता, तेही चालताना उसासे टाकू लागले. अण्णारावाने कमरेची गाठ सैल केली, मग आणखी सैल केली. एका शेतात त्याने पोट दुखते म्हणून पाहिले. त्यांनी त्यावर उतारा म्हणून आंबील पाजली. वेळू एकेक करून उघडे पडत गेले आणि तो चढावरून मागे वळून पाहतो तर सगळ्या शिवारात, हरभऱ्याच्या आणि ज्वारीच्या हिरव्यात, कोपीकोपीवर वांगी उकडल्या पाण्याचा रंग फडफडत होता. क्षणभर, आपल्याला काय झाले आहे ते विसरून, तो स्वतःवर खूश झाला. याहून मोठी जाहिरात सोलापूरच्या कुठल्या शेटजीने केली होती? मग त्याला चिंचोळी आठवली.

शेवटचे शेत श्रीपतरावांचे होते. श्रीपतराव बांधावर कमरेवर हात ठेवून सकाळपासून शिवार न्याहाळत होते. धंद्यातल्या माणसाची नजर सणावारीही मिटत नाही. अण्णाराव जड पावलांनी आला तसे त्यांनी त्याला आपल्या पानावर बसवले आणि स्वतः भज्जी वाढली. मग हळूच विचारले की इतका माल एका दिवसात कसा उठवला.

अण्णारावाच्या तोंडात उंडा होता. तो गिळायला वेळ लागला, आणि त्या वेळात श्रीपतरावांनी उत्तर स्वतःच ठरवून टाकले. आणखी माल शिल्लक आहे का, असे त्यांनी विचारले. अण्णारावाने होय अशी मान हलवली. गाडीतले शेवटचे लुगडे त्याने त्यांच्या कोपीवर पांघरले, आणि श्रीपतरावांनी ते खालपासून वरपर्यंत चाचपून पाहिले.

घरी आल्यावर गुरप्पांनी रिकामी गाडी पाहिली, मुलाचा चेहरा पाहिला, आणि सगळे ऐकून घेतले. देवाला गेलेल्या वस्तूविषयी वाईट बोलायचे नाही हा त्यांचा नेम असल्यामुळे त्यांना बोलायला काही उरले नाही. त्यांनी चिंचोळीला निरोप धाडला की पोरगा संक्रांतीच्या आधीच येतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नम्मा विहिरीवरून आली ती पदरात हसू दाबत. अण्णाराव अजून अंथरुणावर पालथा पडला होता. तिने त्याला उठवून बसते केले आणि विहिरीवर काय ठरले ते सांगितले. ज्या रंगाचे वस्त्र लक्ष्मीच्या अंगावर चढले तो रंग त्या घरच्या बाईने रथसप्तमीपर्यंत नेसायचा नाही, देवीशी बरोबरी होते, ही रीत जुनीच. एरवी कोणाच्या कोपीवर पिवळी शाल, कोणाच्या हिरवा खण. कोणी लक्षातही आणत नसे. पण यंदा अख्ख्या शिवाराच्या लक्ष्म्या एकाच रंगात नटल्या होत्या. विहिरीवर एकीने दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला, आणि घागरी भरायच्या आत आळंदाभोवतीच्या सगळ्या बायकांना तो एक रंग वर्ज्य झाला.

"आदी कुणी घेत नव्हतं," रत्नम्मा म्हणाली. "आता घ्याचं म्हनलं तरी कुणाला घेता येत न्हाई. एवढं कुणाला जमत न्हाई बगा."

अण्णाराव तसाच उठून दुकानात गेला, आणि पाहतो तो गादीच्या कोपऱ्यावर श्रीपतराव बसलेले. चाळीस वर्षांत ते प्रथमच ही पायरी चढले होते. गुरप्पा त्यांना चहा पाजत होते. उरलेला निम्मा गठ्ठा श्रीपतरावांना हवा होता, सगळा, संक्रांतीच्या आत. गुरप्पांचा चेहरा शांत होता, पण त्यांचा अंगठा मांडीवर भरभर फिरत होता. अण्णाराव ती खूण ओळखत होता. सौदा होत आला होता. माल दुकानातून जाणार होता. कोणाकडे जाणार हे अटीत नव्हते. गादी त्याच्यापासून दोन हातांवर होती.

त्याला फक्त गप्प बसायचे होते. ते त्याला काल जमले होते, पण काल तोंडात उंडा होता. आज तोंड रिकामे होते आणि पोटात अजून श्रीपतरावांनी आग्रहाने वाढलेली भज्जी होती. ज्याच्या शेतात या दिवशी जेवलो त्याचे वाईट चिंतू नये, हे त्याला लहानपणी सांगितलेले होते. कोणी सांगितले ते आठवत नव्हते, आणि म्हणूनच ते झटकता येत नव्हते.

"काका, ही लुगडी घेऊ नगा," तो म्हणाला.

गुरप्पांचा अंगठा थांबला.

"कामून रे?"

"काल मी एक बी इकलं न्हाई. सगळी फुकट गेली. बायांनी आपून होऊन कोपीवर घातली. आन् आता लक्ष्मीचा रंग म्हनून त्यो कुणी नेसणार न्हाई. तुमी घरात इचारून बगा."

श्रीपतरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले. जुना मल्ल पोराचा डाव ओळखतो तसे.

"सोलापुरात हेच शिकिवत्यात का? म्हनं फुकट वाटली. अरे, लिंगायत वाण्याचा पोरगा फुकट वाटतो, हे सांगायचं तर दुसऱ्या कुणाला सांग. संक्रांतीला दुप्पट भावानं इकायची तुला. म्हनून मला भेव दाखवायलास."

"काका, बसवण्णाची आण."

"आण घ्यायलास म्हंजी तर न्हाईच सोडणार मी." ते गुरप्पांकडे वळले. "गुरप्पा, बोललात त्याच्यावर आणखी चढवून देतो. पण सगळा माल आजच पायजे. पोराला इचारू नगा."

त्यांच्या घरी विचारायचा प्रश्नच नव्हता. धंद्याची गोष्ट घरात विचारायची नाही हे श्रीपतरावांचे तत्त्व होते, आणि त्याच तत्त्वावर दुकान उभे आहे असे ते सांगत. अण्णारावाने पुन्हा एकदा सगळे पहिल्यापासून सांगितले, राजूबाईचे नाव घेऊन, विहिरीचे नाव घेऊन. जितके तो खरे बोले तितका श्रीपतरावांचा विश्वास उडत जाई आणि भाव वर जाई. शेवटी गुरप्पांनीच त्याला हाताने गप्प केले, म्हणाले की पाहुण्याच्या पुढे असे तोंड चालवू नये. दुपारच्या आत गठ्ठा रस्ता ओलांडून गेला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी श्रीपतरावांनी आपल्या दुकानाच्या दर्शनी बाजूस दोरी बांधून ती सगळी लुगडी टांगली. कमानसुद्धा लावली, अगदी सोलापुरासारखी. खेड्याखेड्यांतून बायका आल्या. प्रत्येक बाई त्या दुकानापुढे थबके. श्रीपतराव पुढे सरसावून बसत. बाई पायातल्या वहाणा काढी, पदर डोक्यावर घेई, त्या टांगलेल्या लुगड्यांना हात जोडी, आणि वळून समोर गुरप्पांच्या पायऱ्या चढे. ज्यांनी लक्ष्मीला वस्त्र धाडले त्यांच्याकडूनच संक्रांतीचे लुगडे घ्यायचे, हेही विहिरीवरच ठरले होते. दुपारी राजूबाईने तर श्रीपतरावांच्या लुगड्यांना हळदीकुंकू लावले आणि दोरीखाली तीळगूळ ठेवला. श्रीपतरावांनी तो उचलून खाल्ला. दुसरे काय करणार?

संध्याकाळी त्यांच्या बायकोने, सत्यभामाबाईने, त्यांना सगळी रीत समजावून सांगितली. पेठेला तेवढे ऐकू आले. मग श्रीपतराव रस्ता ओलांडून आले आणि अण्णारावापुढे उभे राहिले. भांडायला आले असावेत असे वाटून गुरप्पा उठू लागले.

"खरं सांगिटलास म्हन की तू," श्रीपतराव म्हणाले.

"सांगिटलं व्हतं, काका."

"अरे, पर असं सांगायचं का? खरं हाय म्हनून कळाय तरी पायजे माणसाला." त्यांनी एक उसासा टाकला. "जरा घोळून सांगिटलं असतं तर इस्वास ठेवला असता मी."

अण्णारावाने एवढेच सांगितले की रथसप्तमी झाल्यावर सोवळे संपते. तेव्हा गाणगापूरला यात्रेकरूंच्या धर्मशाळांपुढे ती लुगडी नेऊन लावावीत, पुण्यामुंबईकडून येणाऱ्या बायका हा रंग भांडून घेतात, आणि गाडी कशी सजवायची ते तो स्वतः येऊन दाखवील. श्रीपतरावांनी त्याच्याकडे संशयाने पाहिले, यात काय डाव आहे ते शोधले, आणि सापडला नाही म्हणून अधिकच घाबरून घरी गेले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळूंची चौकशी केल्याचे बंडेप्पाने सांगितले.

दुकानात दिवा लावायची वेळ झाली होती. दिवसभर उलगडलेली ठाणे जाजमावर तशीच पसरली होती आणि अण्णाराव सवयीने खाली बसून घड्या घालू लागला. चिंचोळीला धाडलेला निरोप गुरप्पांनी मागे घेतला की नाही हे विचारायची अण्णारावाची छाती होत नव्हती. मग गादीवर लोडाचा आवाज झाला. गुरप्पा डाव्या बाजूला सरकले होते. फार नाही, एक माणूस अंग चोरून बसेल एवढे.

"बस," ते म्हणाले. "आन् ऐक. फुकट वाटायचं काई डोस्क्यात आलं, की आदी गादीवरून खाली उतरायचं. मग वाटायचं."